तारखेला भिणाऱ्या मॅडम

थोरात मॅडम नवीन मुलीला भेटल्या की नाव विचारायच्या आधी जन्मतारीख विचारायच्या. मंचरला त्यांच्या शेजारच्या घरात आम्ही राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. माझी मुलगी ऋतुजा गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन आत चालली होती. मॅडम फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ए बाई, जन्म कधीचा तुझा? आन् बारावी कधी झालीस?"

ऋतुजाने भांबावून दोन्ही उत्तरं दिली. मॅडमनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "लई वर्षं हायेत तुझ्याकडं. उद्या सकाळी मैदानावर ये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, नळाला पाणी दुपारी येतं. टाकी भरून ठेवा." ओळख एवढीच. ऋतुजाने तोवर हॉकीची स्टिक हातात धरलेली नव्हती. महिन्याभरात ती कॉलेजच्या मुलींच्या संघाची गोलकीपर झाली. गादी उचलणारी पोर गोलकीपरची पॅडं उचलेल, हे मॅडमचं गणित.

मॅडम कॉलेजात खेळाच्या शिक्षिका होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. सलवार-कमीजवर पुरुषी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी. मूळच्या लोणीच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारायची आमच्या गल्लीत कुणाची हिंमत नव्हती. कुणाच्या खेळाचं कौतुक करायचं झालं तर "बरी हाय" म्हणत. "बरी हाय" ऐकलेली मुलगी घरी जाऊन फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवायची. गाडीत बसताना प्रत्येक मुलीच्या डोक्याला हात लावून मोजत, आणि मध्येच कुणी हसलं तर पहिल्यापासून मोजत.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. आकडा दोनदा तपासल्याशिवाय मला झोप येत नाही, हे घरातले माझ्याविषयी नेहमी सांगतात. मॅडमनी ते कुणाकडून तरी ऐकलं असावं. स्पर्धांचा हंगाम जवळ आला की त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसत आणि एकेका मुलीचं वय मला काढायला लावत. त्यांनी आधी काढलेलं असायचंच. विद्यापीठाच्या स्पर्धेचे नियम त्यांना तोंडपाठ होते. त्या वर्षीच्या एक जुलैला खेळाडूचं वय पंचवीसच्या आत हवं. बारावी होऊन ठरावीक वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत. मुलगी नियमित शिकणारी हवी, कुठे नोकरीला असलेली नको. प्रवेश मुदतीत झालेला हवा. यातलं एक जरी चुकलं तरी एकटी मुलगी बाद होत नाही, अख्खा संघ बाद होतो.

"आधी कागद, मग स्टिक," हे त्या रोज म्हणत. मुली पाठीमागे त्यांची नक्कल करत. मीही एकदा हसलो होतो. त्या हसल्या नाहीत. "भाऊ, मैदानात हरलेलं घरी न्हेता येतं. टेबलावर हरलेलं न्हेता येत न्हाई," म्हणाल्या.

त्यांची ही भीती मला बरेच दिवस समजली नाही, कारण इतर कशाला भिताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. कॉलेजचं मैदान अवसरी खुर्दच्या बाजूला आहे. दोन अंगांना ऊस. आमच्या भागात ऊस म्हणजे बिबट्या, हे वेगळं सांगायला नको. चेंडू उसात गेला की गेला, आणायला कुणी जायचं नाही, असा मॅडमचा दंडक. ऊसतोड झाली की तोडणीवाल्या बाया चेंडू आणून देत आणि मॅडम त्यांना चहा पाजत.

एका पहाटे सराव चालू असताना बांधावर बिबट्या येऊन बसला. मुलींचं लक्ष नव्हतं, मॅडमचं गेलं. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सगळ्या माझ्याकडं या. पळायचं न्हाई. आन् सतराचा पाढा म्हणा, मोठ्यांदा." मुलींना वाटलं कसली तरी शिक्षा आहे. मॅडम उसाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत राहिल्या आणि त्यांच्या पाठीमागून घोळका पाढा म्हणत फाटकाबाहेर पडला. बाहेर आल्यावर त्यांनी बोट दाखवलं. तेव्हा कुठे मुलींनी किंकाळ्या फोडल्या.

ऋतुजाने घरी येऊन हे सांगितलं. पिंपरी पेंढारला, आमच्या गावी, बिबट्याने काय केलेलं आहे ते मी पाहिलेलं आहे. मी म्हटलं, उद्यापासून सराव बंद. संध्याकाळी मॅडम आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं बरोबर हाय. मी उजाडल्यावर बोलावते, आन् दोन गडी फटाके घेऊन बांधावर बसवलेत. पोरगी पाठवा." त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "एकीलाबी सतराचा पाढा पुरा येत न्हाई. लई वाईट वाटलं."

त्यांच्या भीतीचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, आमच्या पायरीवरच. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांचा संघ अंतिम सामना जिंकला होता. मुली गाडीत बसून गाणी म्हणत होत्या. तेवढ्यात एक पंच धावत आले आणि ढाल परत मागून घेऊन गेले. त्यांच्या संघातली एक मुलगी चाकणच्या कंपनीत कामाला जायची. तिने ते लपवलं होतं. समोरच्या संघाने आक्षेप घेतला, हजेरीचा पुरावा आणला, संघ बाद झाला.

"ढाल गेली त्याचं काय न्हाई भाऊ," मॅडम म्हणाल्या. "गावात बातमी काय गेली? तर पोरी तिकडं खोटेपणा करत्यात. सात पोरी घरच्यांनी परत पाठवल्या न्हाईत. तीन म्हयन्यांत चौघींची लग्नं. त्यांनी काय केलं व्हतं?" मग म्हणाल्या, "आपल्याकडं पोरीला खेळायला सोडत्यात ना, ते दार लई हलकं असतंय. वाऱ्यानंबी लागतं."

त्यानंतर मीसुद्धा वय काढताना तिसऱ्यांदा तपासू लागलो. माझीही मुलगी त्या दारातूनच जात होती.

अलका केंगले संघात आली तेव्हा ऋतुजा दुसऱ्या वर्षाला होती. अलका पश्चिमेकडच्या डोंगरातली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. बारावीनंतर आई आजारी पडली म्हणून तिचं शिक्षण थांबलं, पाच वर्षं भाताची शेती तिनेच ओढली आणि मग पुन्हा कॉलेजात आली. उंच, सडपातळ, गुडघ्यापर्यंत पोचतील असे हात. तिला चुकवून चेंडू पुढे जात नसे. मॅडम तिला "बरी हाय" म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या आणि शिट्टी वाजवायची विसरल्या. ती विद्यापीठाच्या संघात जाणार, हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. अलकाला तेच हवं होतं. ती ते लपवत नसे. "मला वर्दी पायजे मॅडम. भात लावून पाठ गेली," म्हणायची.

दोन वर्षं ती कॉलेजसाठी खेळली. तिसऱ्या वर्षी, ऋतुजा एम.ए.ला गेली तेव्हा, हंगामाआधी मॅडम पायरीवर आल्या आणि नेहमीसारख्या बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "भाऊ, एक जून. काढा."

मी काढलं. दाखल्यावर अलकाची जन्मतारीख एक जून होती. एक जुलैला तिला पंचवीस पूर्ण होऊन एक महिना होत होता. मी पुन्हा काढलं. मॅडम म्हणाल्या, "मी धा वेळा काढलंय. तुमी चुकाल असं वाटलं व्हतं."

एक जून ही तारीख माझ्या पिढीला चांगली माहीत आहे. जन्माची नोंद नसली की शाळेतले गुरुजी शाळा सुरू व्हायच्या बेताची ती तारीख टाकून मोकळे होत. माझ्या वर्गात अर्ध्या मुलांचा वाढदिवस त्याच दिवशी असायचा. डोंगरातल्या वाड्यांवर ही पद्धत पुढेही बरीच वर्षं चालू राहिली. म्हणजे अलकाची तारीख खरी असेलच असं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "रविवारी गाडी काढता का?"

मी, मॅडम आणि अलका तिच्या वाडीला गेलो. तिच्या आईला आम्ही का आलो ते समजल्यावर ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "आवं, ही कशाची पंचवीसची! थोरला माझा आषाढात झाला, घोडेगावच्या दवाखान्यात. तो चालाया लागला, आन् फुडच्या साली भातकापणीत ही झाली. हितंच, घरात. सोनाबाईनं केलं बाळंतपण, ती बसलीय बघा वट्यावर."

"मग शाळेत एवढी मोठी कशी लावली?" मी विचारलं.

"थोरल्याला शाळंत घालाया न्हेला, तर ही रडत मागं आली. गुरुजी म्हणलं, डोक्यावरनं हात घालून पल्याडचा कान धर. हिचं हात बघा की! धरला कान. गुरुजी म्हणलं, झाली सा वर्साची, हिचंबी नाव घालू. दोघंबी एकाच वर्गात."

थोरल्याचा दवाखान्याचा दाखला घरात होता. मी तो पाहिला आणि चक्रावलो. कागदोपत्री अलका तिच्या थोरल्या भावापेक्षा दीड महिन्याने मोठी होती. एकाच आईची दोन मुलं, दीड महिन्याचं अंतर. हे इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण कुणाला त्याची गरज पडली नव्हती. आईच्या सांगण्यावरून अलका चोवीसचीही पुरती झालेली नव्हती. मी मोठ्याने हिशेब सांगितला. अलकाने आईला मिठी मारली. मॅडमनी ओट्यावर जाऊन म्हाताऱ्या सोनाबाईलाही खोदून खोदून विचारलं. तीही भातकापणीच म्हणाली.

ग्रामपंचायतीचा लिपिक त्याच वाडीत राहायचा. त्याला बोलावून घेतलं. त्याने सांगितलं, अलकाच्या जन्माची नोंद नाही. आता नोंद करायची तर तहसीलला अर्ज, साक्षी, चौकशी, मग आदेश, मग शाळेचा दाखला, मग बोर्ड. वर्ष जाईल. नावं द्यायची मुदत तर पंधरवड्यावर आली होती.

तो भला माणूस होता. मॅडमचा चेहरा पाहून खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मॅडम, एक करू. जुन्या नोंदवहीत एक ओळ मोकळी हाय. मी हिचं नाव टाकतो आन् दाखला देतो. तारीख तर खरीच हाय ना? कुणाचं काय लुटतोय आपण? पोरीचं भलं व्हईल."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पाणी मागितलं. अख्खा तांब्या पिऊन खाली ठेवला. मला वाटलं, त्या हो म्हणणार. खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं असं मलाही वाटत होतं.

"नको," मॅडम म्हणाल्या.

परत येताना धरणाच्या कडेकडेने गाडी चालली होती. मग मागून अलका म्हणाली, "मॅडम, ते खरं हाय ना पण?"

"खरं हाय. दाखला खोटा हाय."

"बिबट्याला भीत न्हाई तुमी. कागदाला भिता."

मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही. "बिबट्या एकीला न्हेतो, अलका. कागद सगळ्यांना न्हेतो."

मी आरशात पाहिलं. अलका खिडकीला डोकं टेकून बसली होती. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

मॅडमनी तिच्या नावाशिवाय संघ पाठवला. पण स्पर्धेला अलका आली. ट्रॅकसूट घालून गाडीत सर्वांत आधी बसली आणि मॅडमना तिला उतर म्हणता आलं नाही. अंतिम सामन्याआधी ती ऋतुजाला सरावाला फटके मारून देत होती. मी प्रेक्षकांत होतो. समोरच्या संघाचे व्यवस्थापक तिच्याकडे निरखून पाहत होते, हे मला दिसलं.

आम्ही एका गोलने जिंकलो. मुली नाचल्या नाहीत, कारण मॅडम हलल्या नव्हत्या. मांडवात टेबलाशी समोरचे व्यवस्थापक पोचले होते. आक्षेप. वयाबद्दल.

मुली एका ओळीत उभ्या राहिल्या. ऋतुजाने हेल्मेट पोटाशी घट्ट धरलं होतं. स्पर्धेचे अधिकारी एकेकीचं नाव वाचत, तोंडाकडे पाहत. मॅडम शेजारी उभ्या. त्यांच्या कपाळावरून घाम भिंगांवर उतरत होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. मला माहीत होतं, एकही वय चुकीचं नाही. मी स्वतः तपासली होती. तरीही माझ्या मनात येत होतं, एखादं नजरचुकीने राहिलं असेल तर? माझ्याच हातून?

"यातली कुणी नाही," व्यवस्थापक म्हणाले. "ती उंच मुलगी कुठंय? सरावाला होती ती. तिला बोलवा."

अलका पाण्याचा जार घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होती. सगळ्यांच्या माना वळल्या.

"ती आमची खेळाडू न्हाई," मॅडम म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "पाणी द्यायला आलीय."

अधिकाऱ्यांनी नावं पुन्हा पाहिली. अलकाचं नाव नव्हतं. आक्षेप फेटाळला. व्यवस्थापक चिडून म्हणाले, "मग इतक्या लांबून तिला आणलीत कशाला?"

"जार जड असतोय," मॅडम म्हणाल्या.

दोन-चार जण हसले. अलकाने जार खाली ठेवला आणि ती मांडवाबाहेर गेली. परतीच्या गाडीत ती ड्रायव्हरशेजारी बसली. मुलींनी ढाल सीटखाली ठेवली आणि एकीनेही गाणं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अलका सरावाला आली नाही. ऋतुजाने घरी येऊन मला विचारलं, "बाबा, मॅडम असं का म्हणाल्या?" मी म्हटलं, दुसरं काय म्हणणार होत्या? ऋतुजा म्हणाली, "तेच ना." आणि जेवली नाही.

त्या मार्चमध्ये मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. घर रिकामं करून नाशिकला बहिणीकडे जायचं ठरलं होतं. पण जाण्याआधी बरेच दिवस त्या सकाळी एस.टी.ने कुठेतरी जात आणि दिवेलागणीला परत येत. स्वेटर आणि टोपी तीच. मला वाटलं, पेन्शनची कामं असतील.

एप्रिलच्या शेवटी पतसंस्थेच्या कामासाठी मी घोडेगावला तहसील कचेरीत गेलो होतो. व्हरांड्यात बाकावर मॅडम बसलेल्या दिसल्या. एका बाजूला अलकाची आई, दुसऱ्या बाजूला सोनाबाई. सोनाबाईला उन्हाने ग्लानी आली होती आणि मॅडम तिला टोपीने वारा घालत होत्या. अलका पलीकडे खांबाला टेकून उभी होती, अंतर ठेवून. मॅडमशी ती बोलत असल्याचं दिसलं नाही. पण आली होती.

जन्मनोंदीचा आदेश अजून आलेला नाही. पुढच्या हंगामाला नावं द्यायच्या मुदतीआधी आला आणि शाळेचा दाखला, बोर्डाचं प्रमाणपत्र वेळेत बदललं, तर अलकाला एक हंगाम मिळेल, एकच. त्यानंतर खरी तारीखसुद्धा तिला वाचवू शकणार नाही. मी रोज कॅलेंडर पाहतो. ऋतुजाही पाहते. आम्ही त्याविषयी बोलत नाही.

त्या दिवशी मी त्यांना हाक मारणार, तेवढ्यात आतून पुकारा झाला. सगळ्या उठल्या. दाराशी कारकुनाने अडवलं. आईला आत सोडलं, सोनाबाईला सोडलं, अलकाला सोडलं. मॅडमना विचारलं, "तुमचं काय नातं मुलीशी?"

मॅडमनी चष्मा काढला. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे भिंगांशिवाय पाहिले, लहान आणि लाल.

"नातं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मी हिला खेळू दिलं न्हाई."

कारकून त्यांच्याकडे पाहत राहिला. आत गेलेली अलका दारापर्यंत परत आली, आणि काही न बोलता तिने मॅडमचा दंड धरून त्यांना आत घेतलं.